मयताचं पत्र घरात ठेवावं

पोस्टकार्डाचा जमाना होता तेव्हा मयताची बातमी आणणारं कार्ड वाचून झालं की तिथल्या तिथे फाडून टाकत. अशुभ कागद घरात नको, उंबऱ्याच्या आत नको, देवाजवळ तर नकोच. आज कार्डाची जागा छापील शोकपत्रिकेने आणि मोबाईलवरच्या चित्राने घेतली, पण रीत तीच राहिली. दशक्रिया उरकली की पत्रिका रद्दीत जाते आणि मोबाईलवरचं चित्र पुसलं जातं. लग्नपत्रिका मात्र वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवलेली असते.

आपल्या घराण्याचा इतिहास कुठे हरवतो, हे शोधायचं तर सुरुवात इथून करावी लागते. कुटुंबातली सगळी नाती एका कागदावर नीट मांडलेली सापडतात ती याच फाडून टाकलेल्या कागदावर. लग्नपत्रिकेत हौसेने घातलेली नावं असतात, लांबच्या पुढाऱ्यांचीसुद्धा. शोकपत्रिकेत मात्र जे खरोखर आपले आहेत तेच येतात. भाऊ, भावजया, मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं, पुतणे, भाचे, कोण कुठल्या गावचा, दशक्रिया कोणत्या घाटावर, कोणत्या तारखेला. मावळातलं सामान्य शेतकरी घर एरवी कधी स्वतःबद्दल एवढं लिहीत नाही.

वर्तमानपत्रातली निधनवार्ताही तशीच. आठ-दहा ओळींचा मजकूर, त्याचा साचा ठरलेला, म्हणून आपण तो वाचतानाही नजर सरकवतो. पण एखादं कात्रण समोर ठेवून सावकाश वाचून बघा. "इंदुरी येथील जुन्या पिढीतील प्रगतशील शेतकरी" या शब्दांत गाव आणि व्यवसाय आला. "वय ७८" यावरून जन्माचं साल एखाद्या वर्षाच्या फरकाने काढता येतं. "वृद्धापकाळाने" किंवा "अल्पशा आजाराने" यात मृत्यूचं कारण मोघम कळतं. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे" या वाक्यात चार पिढ्या मोजून दिलेल्या असतात. पत्नी "पश्चात" आहे की तिचा उल्लेखच नाही, यावरून ती आधी गेली का याचा अंदाज बांधता येतो. शेवटच्या ओळीत "विविध कार्यकारी सोसायटीचे माजी संचालक अमुक यांचे ते वडील होत" असं आलं, की कोणत्या संस्थेच्या कागदपत्रांत पुढे शोध घ्यायचा याचा धागाही हाती लागतो.

पण याच वार्तेत काय नसतं तेही पाहिलं पाहिजे. मुलींची नावं नसतात, पत्नीचं नाव बहुतेक वेळा नसतं, तिच्या माहेरचा पत्ता तर नसतोच. "तीन मुली" म्हणजे तीन सासरं, तीन गावं, तीन वेगळी आडनावं. छापणाऱ्याने जागा वाचवली आणि आपणही ती नावं बाजूला लिहून ठेवली नाहीत, तर दोन पिढ्यांनी त्या मुली नुसत्या आकड्यात उरतात. मला यातली सगळ्यात मोठी हानी हीच वाटते.

दुसरी उणीव कात्री चालवणाऱ्याची. कात्रण चौकटीच्या अगदी काठाने कापलेलं असतं आणि वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख त्यातून कापली गेलेली असते. निधनवार्तेत "मंगळवारी निधन झाले" असं असतं, पण कोणत्या सालच्या मंगळवारी? अशा वेळी कात्रण उलटं करून पाहावं. मागच्या बाजूला अर्धवट कापलेली जाहिरात असते, सिनेमाचं नाव असतं, सोन्याचा भाव असतो, एखाद्या निवडणुकीची बातमी असते. त्यावरून साल, कधीकधी महिनाही नक्की करता येतो. एवढं हाती आलं की ग्रंथालयात जाऊन जुन्या फायली चाळणं शक्य होतं. पुणे या बाबतीत श्रीमंत आहे. 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली, 'केसरी' १८८१ साली आणि 'सकाळ' १९३२ साली इथेच सुरू झाला. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे. तारीख माहीत नसताना मात्र त्या फायलींच्या ढिगात एक निधनवार्ता शोधायची म्हणजे डोळ्यांची आणि आयुष्याची नासाडी.

आता त्या कात्रणातल्या इंदुरीबद्दल. तळेगाव दाभाडेहून चाकणच्या रस्त्याला लागलं की इंद्रायणीच्या काठी हे गाव लागतं. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतकोरात इथे गढी बांधली. आत कडजाईचं देऊळ आहे. दाभाड्यांचा इतिहास अभ्यासकांनी लिहिला, कारण त्यांचे कागद सरकारी दप्तरांत रुमालात बांधून राहिले. पण त्या गढीच्या सावलीत ज्यांनी शेती केली, बलुतं केलं, वाऱ्या केल्या, त्यांचे रुमाल कोणी बांधले? त्यांचा इतिहास माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणि भिंतीतल्या फडताळात आहे. तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, जमिनी विकल्या गेल्या, मातीची घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहिली. घर पाडताना भांडी बाहेर काढतात, दागिने काढतात, तुळया आणि दारं विकतात. फडताळातले कागद राडारोड्यात जातात.

घरच्या कागदांची किंमत या परिसराला नवी नाही. इंदुरीच्या जवळच भंडारा डोंगर आणि देहू. सुदुंबरे गावी संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. १८६९ आणि १८७३ साली तुकोबांच्या गाथ्याची जी आवृत्ती मुंबईत सरकारी मदतीने छापली गेली, तिच्यासाठी संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखितं मिळवली होती. ही पोथ्यांची बाडं कुठल्या संग्रहालयात नव्हती. कुणाच्या तरी घरी, लाल फडक्यात गुंडाळून, वेखंडाची पूड टाकून पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली होती. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून निराळा गाथा प्रसिद्ध केला. बाड घरात ठेवणाऱ्याला त्याची किंमत पुढे कोण करील हे ठाऊक नव्हतं, त्याने फक्त ते फेकलं नाही.

त्याच इंद्रायणीत आज काय सोडलं जातं ते घाटावर उभं राहिलं की दिसतं. नवीन घरात जुन्या तसबिरी नकोत म्हणून पणजोबांच्या, खापरपणजोबांच्या फ्रेमा नदीत विसर्जित होतात, किंवा पिंपळाखाली ठेवल्या जातात. भावना वाईट नाही. कचऱ्यात टाकवत नाही म्हणूनच माणूस घाटावर जातो. पण फ्रेममधला फोटो हा बहुतेक वेळा त्या माणसाचा जगातला एकमेव फोटो असतो. निदान काच काढून त्याची नक्कल घेतल्याशिवाय फ्रेम हलवू नये, एवढी विनंती मी ज्याला त्याला करत असतो.

त्या भिंतीवरच्या फोटोबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण तो जसा दिसतो तसा नसतो. जुन्या काळी गावातल्या माणसाचा एकट्याचा फोटो क्वचितच निघे. माणूस गेला की घरचे लोक लग्नाचा एखादा ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत जात आणि "यातला हा चेहरा मोठा करून द्या" म्हणत. स्टुडिओवाला त्या नखाएवढ्या चेहऱ्याचं एन्लार्जमेंट करी. चेहरा धूसर होई, म्हणून मग ब्रशने डोळे, मिशा, भुवया गडद करायच्या, मागचे लोक रंगाने झाकायचे, उघड्या गळ्यावर कोट चढवायचा, डोक्याला फेटा बांधायचा. आजोबांनी आयुष्यात कधी कोट घातला नसेल, पण भिंतीवर ते कोटात असतात. चेहऱ्याच्या कडेला रेघ सरळ कापल्यासारखी दिसली, कोटावर कापडाची वीण दिसली नाही, नजर किंचित भलतीकडे वाटली, तर समजावं की हा फोटो दुसऱ्या फोटोतून काढलेला आहे. म्हणजे मूळ ग्रुप फोटो कुठेतरी होता. त्याचा शोध घ्यावा, कारण त्यात आजोबांच्या शेजारी त्यांचे भाऊ, मेहुणे, मित्र उभे असतील आणि खाली बसलेल्या बायकांत कदाचित आजीही असेल.

फोटोचं वय ओळखायला थोड्या खुणा उपयोगी पडतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव उठावात छापलेलं, असा फोटो असेल तर तो सहसा स्वातंत्र्याच्या आधीचा निघतो. पांढरी किनार आणि नागमोडी कातरलेल्या कडा विसाव्या शतकाच्या मध्यावर लोकप्रिय होत्या. रंगीत फोटो आपल्या खेड्यांत मोठ्या प्रमाणावर आले ते १९८० च्या पुढे. निगेटिव्ह सापडली तर तिच्या काठावर फिल्मचं नाव वाचावं. त्यावर 'इंदू' असेल तर ती उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची, म्हणजे १९६० च्या आधीची नक्कीच नाही. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेल्या तारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सेल बदलल्यावर तारीख पुन्हा लावायची राहून जात असे.

छापील चित्र आणि खरा फोटो यात गल्लत होते, तेव्हा भिंग घ्यावं. खऱ्या फोटोत करडा रंग सलग असतो. छापलेल्या चित्रात तो ठिपक्यांनी बनलेला असतो, गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. ठिपक्यांच्या या ब्लॉकमुळेच वर्तमानपत्रांत फोटो छापता येऊ लागले. या विद्येचा मावळाशी जुना संबंध आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईहून मळवलीला आला होता. त्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात ब्लॉक आणि छपाईचा उद्योग काढला होता. कात्रणातला फोटो स्कॅन करताना याच ठिपक्यांमुळे त्यावर जाळी उमटते. ती टाळायला स्कॅनरमध्ये छापील मजकुरासाठीची सोय असते, ती वापरावी.

फोटोची पार्श्वभूमीही नीट पाहावी. १५ जून २०२५ रोजी इंदुरीजवळच्या कुंडमळ्यावरचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. त्या पुलावर उभं राहून काढलेले फोटो मावळात, पिंपरी-चिंचवडमध्ये किती घरांत असतील. काल ते सहलीचे फोटो होते, आज ते एका नाहीशा झालेल्या पुलाचा पुरावा आहेत. पवना धरणाखाली गेलेल्या गावांतल्या लोकांकडे असलेल्या जुन्या लग्नाच्या फोटोंचंही तसंच. मागे दिसणारा पार, विहिरीचा रहाट, देवळाची दीपमाळ, हे आता दुसरीकडे कुठेच बघायला मिळणार नाही.

तारखांचा प्रश्न उरतो. आपल्या घरांत मृत्यूची तिथी पक्की ठाऊक असते, कारण त्या तिथीला श्राद्ध असतं, पितृपक्षात म्हाळ असतो. साल मात्र कुणाला आठवत नाही. तर्पणात नावं घ्यायची तीही तीन पिढ्यांची, बाप, आजा, पणजा. त्यापलीकडची नावं मग आपोआप गळतात. म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नाही. त्यांना विचारावं, पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. दुष्काळात गेले म्हणाले तर १९७२ चा दुष्काळ. त्यांच्या आजीने सांगितलेलं आठवून "मानमोडीत घर बसलं" म्हणाले तर तो १९१८ चा इन्फ्लुएन्झा. जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर अनेकदा ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं.

अशा अंदाजाला सरकारी नोंदीची जोड मिळाली की तो पक्का होतो. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात आहेत. त्यातल्या कितीतरी मोडी लिपीत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ही पुस्तकं राज्यभर पुन्हा उघडली गेली आणि कित्येक घरांना आपल्या पणज्याचं नाव पहिल्यांदा कागदावर दिसलं. जातीच्या दाखल्यासाठी झालेली ती धडपड, पण तिने घराण्याचा इतिहास गावाच्या चावडीपर्यंत आणून पोहोचवला. फेरफाराची वारस नोंदही तितकीच कामाची आहे. खातेदार मयत झाला की त्याचे वारस वयांसकट लिहिलेले असतात. सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' दिसलं की त्या नावामागे एकत्र कुटुंब आहे आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत लपलेले आहेत, हे ध्यानात घ्यावं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख सापडते. ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असू शकते, जूनच्या पहिल्या तारखेला जन्मलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हा आणखी एक जुना आधार. पूर्वज तिथे गेले असतील तर त्यांनी स्वतः सांगितलेली नावं त्यात असतात.

आणि आत्याला विचारायला विसरू नये. घरातले फोटो घर पाडताना गेले, वाटण्यांत गेले, पण लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरची आठवण म्हणून नेलेला एखादा फोटो तिच्या सासरच्या पेटीत सुखरूप असतो. वाटणीत जमीन भावांना मिळाली. भावांच्या घरी जे उरलं नाही ते आठ-दहा कोसांवरच्या बहिणीच्या घरी सापडावं, हे अनेक घराण्यांत घडलेलं आहे. शिवाय ग्रुप फोटोतल्या बायका ओळखायच्या तर त्या आत्यालाच ओळखतात. पुरुष मंडळी आपली रांग सांगून थांबतात.

सापडलेलं टिकवायचं कसं हे थोडक्यात सांगतो. मावळात पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. फोटोवरचा जिलेटिनचा थर ती ओल शोषून घेतो, मग बुरशी धरते आणि फोटो काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकटच स्कॅन करावा किंवा फोटो घ्यावा, बाकीचं जाणकारावर सोडावं. पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीलगत ठेवू नये. चिकट पानांवर प्लॅस्टिकचा कागद ओढायचे अल्बम एके काळी घरोघर होते. त्यांचा गोंद फोटोला खातो. त्यांतून फोटो निघत असतील तेवढे काढून साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटांत ठेवावेत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग पाडतो. कात्रण आणि फोटो एका पाकिटात ठेवू नयेत. सेलोटेप लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं तर अक्षर पुढे उठतं, म्हणून मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला लिहावं. स्कॅन ६०० डीपीआयला करावं, मागची बाजूसुद्धा, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. मोबाईलवर पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. ती प्रत धरू नये.

मावळातल्याच एका थोर माणसाची आठवण इथे द्यायला हवी. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले. पेशवे दप्तरातल्या हजारो रुमालांतून निवडक कागद काढून त्यांनी ४५ खंड संपादित केले. १९५९ साली ते कामशेतलाच वारले. राज्याच्या कागदांत आयुष्य घालवलेल्या या इतिहासकाराचा मुलगा श्यामकांत जर्मनीत शिकायला गेला आणि तरुण वयात तिकडेच वारला. सरदेसायांनी त्याची पत्रं फाडली नाहीत. 'श्यामकांतची पत्रे' या नावाने ती त्यांनी छापून काढली. गेलेल्या मुलाचं अक्षर समोर घेऊन बापाला ते काम करताना काय वाटलं असेल, याची कल्पनाही करवत नाही. पण कागद काय असतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं?

पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी भाऊबंद जमतात, लेकी येतात, घरातली सगळ्यात म्हातारी बाई ओसरीवर बसलेली असते. वर्षात एवढी माणसं पुन्हा एकत्र येत नाहीत. त्या दिवशी पानं वाढायच्या आधी ट्रंक उघडावी आणि फोटो एकेक करून तिच्या हातात द्यावेत. ती बोलेल तसं लिहून घ्यावं. डावीकडून उजवीकडे, उभे आणि बसलेले, बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं. त्याच ट्रंकेत, गेल्या वर्षीची शोकपत्रिका अजून रद्दीत गेली नसेल, तर तीही वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवावी आणि तिच्यावर "तीन मुली" असं छापलं असेल तिथे त्या तिघींची नावं पेन्सिलीने घालावीत.